चाकांवरच्या घराला सिग्नल कुठून?

मोटरहोममध्ये टीव्ही आणि इंटरनेट मिळवायचे मार्ग अनेक आहेत. प्रत्येक मार्गात दिशा शोधायचं काम कुणीतरी करावं लागतं आणि त्या कामाची मजुरी गाडीतली बॅटरी देते.

पुण्यात डीडी फ्री डिशची छत्री बसवायची तर तिचं तोंड जवळजवळ थेट आग्नेयेला ठेवतात आणि ती क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर रोखतात. तीच छत्री लेहला नेली तर दक्षिणेकडे वळवावी लागते, दक्षिणेपासून पूर्वेला जेमतेम २७ अंश, आणि तिची नजर ४७ अंशांपर्यंत खाली आणावी लागते. कन्याकुमारीला ती पूर्वेकडे फिरते आणि ६९ अंशांवर चढते. तिन्ही गावांत उपग्रह एकच असतो, तो म्हणजे जीसॅट-१५. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर तो जागचा न हलता उभा असतो. त्याचा पत्ता मात्र गावागणिक बदलतो.

पक्क्या घराला हे कोडं एकदाच पडतं. डिशवाला येतो, गच्चीवर छत्री बसवून नट आवळतो, आणि पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे कुणी बघतही नाही. मोटरहोमला ते दर मुक्कामी नव्याने सोडवावं लागतं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं, आणि आता भाड्याने कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात, राजस्थानात, अगदी लडाखपर्यंत जाणारी मराठी कुटुंबं दिसू लागली आहेत. गाडीत पलंग, ओटा, शौचालय सगळं असतं. दोन दिवस झाले की मुलं विचारतात, मॅच कशी बघायची? आणि आईबाबांपैकी कुणाची तरी सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग असते.

युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हे प्रश्न फार आधी पडले. त्यामुळे उत्तरंही तिथेच आधी तयार झाली. ती एकामागोमाग एक पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. दिशा शोधायचं काम आधी माणूस हाताने करत होता, मग मोटर करू लागली आणि आता ते गणित करतं. दर टप्प्यावर माणसाचे कष्ट कमी झाले आणि विजेचा खर्च वाढला. मोटरहोमसाठी काय घ्यावं हे ठरवताना हा व्यवहार समजून घेतला की निम्मा गोंधळ मिटतो.

छतावरचा अँटेना भारतात का चालत नाही

अमेरिकेत मोटरहोमच्या छतावर आतून हँडल फिरवून वर करायचा पंखांसारखा अँटेना वर्षानुवर्षं असतो. जवळच्या शहरातल्या टीव्ही केंद्राचे सिग्नल तो पकडतो आणि वाहिन्या फुकट दिसतात. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू या जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणाची तशीच सोय आहे. गाव बदललं की टीव्हीला नव्याने वाहिन्या शोधायला सांगायचं, एवढंच काम.

भारतात ही वाट बहुतेक बंद झाली आहे. एके काळी गावोगावी दूरदर्शनचे मनोरे होते आणि कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना. २०२१-२२ पर्यंत दूरदर्शनने जुनी ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रं थोड्या सामरिक ठिकाणांचा अपवाद वगळता बंद केली. त्यांच्या जागी आलेलं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण मोजक्या शहरांपुरतं राहिलं. त्यामुळे परदेशी बनावटीच्या मोटरहोमवर असा अँटेना बसवलेला असला, तरी चिपळूणच्या मुक्कामी त्याचा उपयोग नाही. भारतात फुकट टीव्ही हवा तर तो आकाशातूनच घ्यावा लागतो.

स्थिर उपग्रह, फिरणारी गाडी

उपग्रह आकाशात एका जागी उभा दिसू शकतो, हा विचार आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात मांडला. विषुववृत्ताच्या वर त्या ठरावीक उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका फेरीइतकाच वेळ घेते. म्हणून खालून पाहणाऱ्याला तो खिळून राहिल्यासारखा दिसतो. छत्री एकदा रोखली की काम झालं, ही सगळ्या डीटीएच सेवांची पायाभूत सोय आहे.

अडचण छत्रीच्या अरुंद नजरेत आहे. भारतातल्या डीटीएच सेवा केयू बँडवर चालतात, म्हणजे त्यांच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. या लहरींसाठी ६० सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीला आकाशाचा सुमारे ३ अंशांचाच तुकडा नीट दिसतो. ९० सेंटिमीटरच्या छत्रीला त्याहून कमी, २ अंशांच्या आसपास. मोठी छत्री जास्त ऊर्जा गोळा करते, पण तिचा नेम अधिक काटेकोर लागतो. लहान छत्री चटकन जुळते, पण आषाढातला पाऊस सुरू झाला की ती आधी मान टाकते. कारण पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. कोकणात पावसाळी सहलीला निघणाऱ्याने छत्री निवडताना हे लक्षात ठेवावं.

मुक्काम बदलला की दिशा किती बदलते? महाडहून चिपळूणला गेलात तर जवळजवळ नाहीच. पृथ्वीच्या गोलावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे शंभर किलोमीटरच्या आतला प्रवास छत्रीला फारसा जाणवत नाही. पण महाडला गाडीचं तोंड उत्तरेला होतं, चिपळूणला ते पश्चिमेला आहे आणि जमीन एका बाजूला चार अंश उतरती आहे. छत्री छतावर पक्की बसवली असेल तर गाडीबरोबर तीही वळते आणि कलते. म्हणून हाताने छत्री लावणारे अनुभवी लोक ती छताऐवजी जमिनीवर तिकाटण्यावर ठेवतात आणि दहा-पंधरा मीटर केबल जवळ बाळगतात. याचा आणखी एक फायदा आहे. गाडीला झाडाची सावली हवी असते आणि छत्रीला आग्नेयेचं मोकळं आकाश. लांब केबल असली की दोघांचंही भागतं.

नेम धरायची रीत अशी. फोनमधल्या होकायंत्राने आग्नेय शोधायची, पण गाडीपासून चार पावलं दूर उभं राहून, कारण गाडीचं लोखंड सुई भरकटवतं. मग कोनमापकाने उंची लावायची. त्यानंतर एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढच्या दांड्यावरचा डबा, त्याच्या पकडीत थोडा फिरवायचा. हे तिसरं काम बरेच जण विसरतात. उपग्रह आपल्या लहरी आडव्या आणि उभ्या अशा दोन पातळ्यांत पाठवतो, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या पातळ्या आपल्याला तिरक्या झालेल्या मिळतात. भूमितीच्या हिशेबाने जीसॅट-१५ साठी हा तिरपेपणा पुण्यात ४५ अंशांच्या आसपास येतो, लेहला निम्म्यावर उतरतो आणि कन्याकुमारीला ६० अंशांच्या पुढे जातो. पुण्यात जुळवलेला एलएनबी तसाच ठेवून लडाखला गेलात, तर दिशा आणि उंची अचूक असूनही वाहिन्या अडखळतात.

सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. नवखा माणूस पहिलीवर खूश होतो. स्ट्रेंथ म्हणजे छत्रीत काहीतरी ऊर्जा येते आहे एवढंच. ती शेजारच्या उपग्रहाचीही असू शकते, आणि शेजारी दूर नाहीत. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अवघ्या दीड अंशावर आहे. हव्या त्या उपग्रहाचा डेटा वाचता येतो आहे, हे सांगते ती क्वालिटीची पट्टी. छत्री हलवताना नजर तिच्यावर ठेवायची आणि दर वेळी केसभर हलवून दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल उलगडायला तेवढा वेळ लागतो.

या सगळ्या खटपटीला वीज किती? एलएनबीला दोन-तीन वॉट, बॉक्सला आठ-दहा वॉट. बाकी कष्ट माणसाचे.

मोटर लावली, नेम सुटला

युरोपात हिवाळा टाळायला महिनोन्‌महिने दक्षिणेत मोटरहोम घेऊन राहणारे निवृत्त लोक पुष्कळ. त्यांच्यासाठी कंपन्यांनी स्वतःच उपग्रह शोधणारी छत्री काढली. बटण दाबलं की जीपीएसवरून ती आपला अक्षांश-रेखांश घेते, कलमापकावरून गाडी किती झुकली आहे हे पाहते, उंचीचा कोन काढते आणि मग गोल फिरत आकाश चाळते. सिग्नल सापडला की त्यातली उपग्रहाची ओळख वाचते आणि चुकीचा शेजारी असेल तर पुढे सरकते. दोन-चार मिनिटांत चित्र दिसतं. इंजिन सुरू केलं की ती आपोआप मिटते, कारण उभी छत्री घेऊन झाडाच्या फांदीखालून जाणं महागात पडतं. याच्याही पुढे घुमटाखालची छत्री आहे. ती गाडी चालू असतानाही जायरोस्कोपच्या मदतीने नेम धरून ठेवते. पण घुमटात मावायचं तर छत्री लहान ठेवावी लागते, म्हणजे पावसात पुन्हा तीच तक्रार.

मोटर दिशा शोधते. जिथे सिग्नल पोचतच नाही तिथे तिचाही इलाज नाही. ब्रिटिश मोटरहोमवाल्यांना हे स्पेनमध्ये कळलं. ब्रिटिश वाहिन्या २८.२ अंश पूर्वेच्या ॲस्ट्रा उपग्रहांवरून येतात. आधी जरा मोठी छत्री लावली की स्पेनच्या बऱ्याच भागात बीबीसी दिसत असे. २०१२ ते २०१४ या काळात तिथे नवे उपग्रह गेले आणि ब्रिटनसाठीच्या वाहिन्या त्यांच्या अधिक आखीव झोतावर आल्या. कार्यक्रमांचे हक्क देशापुरते असतात, म्हणून झोतही ब्रिटिश बेटांवरच रोखलेला. २०१४ च्या सुमारास स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या छतांवरून बीबीसी गायब झालं. छत्री अचूक रोखलेली होती, पण तिच्यात पडणारी ऊर्जाच पुरेनाशी झाली.

उत्तरेची अडचण वेगळी. नॉर्वेतल्या नॉर्थ केप या टोकावर दर उन्हाळ्यात मोटरहोमची रांग लागते. तिथून १९.२ अंशांवरचा ॲस्ट्रा उपग्रह क्षितिजाच्या फक्त १० अंश वर दिसतो. समोर टेकडी असली की संपलं. ध्रुवाकडे जावं तसा विषुववृत्तावरचा उपग्रह खाली उतरत जातो, आणि एका मर्यादेनंतर पृथ्वीच आड येते.

ऑस्ट्रेलियाने याच तंत्राचा सार्वजनिक उपयोग केला. शहरं किनाऱ्यावर, मधला प्रदेश हजारो किलोमीटर रिकामा. तिथे जमिनीवरचे मनोरे परवडणारे नव्हते, म्हणून ऑप्टसच्या उपग्रहांवरून ‘व्हास्ट’ नावाची सेवा सुरू झाली. दुर्गम भागातल्या रहिवाशांबरोबर कॅरॅव्हॅन घेऊन देश पालथा घालणाऱ्या प्रवाशांनाही ती घेता येते.

टॉवरकडे बघणारी गाडी

टीव्हीचं एक बरं असतं. प्रक्षेपण एकदाच होतं, मग एक बघो की एक कोटी. इंटरनेटवर मॅच बघायची तर प्रत्येक पडद्याला वेगळा प्रवाह लागतो. म्हणून फायनलच्या संध्याकाळी पर्यटनस्थळावरचा एकुलता टॉवर कोलमडतो आणि शेजारी छत्री लावून बसलेला माणूस निवांत असतो. तरीही मीटिंग, नकाशे, बुकिंग, मुलांचा अभ्यास यांना इंटरनेटच लागतं, आणि भारतात त्याचा पहिला मार्ग मोबाइलचाच.

इथे पहिला अडथळा खुद्द गाडी. पत्र्याच्या बंद डब्यात रेडिओलहरी सहज शिरत नाहीत. खिडकीतून, काचेतून येतील तेवढ्याच. म्हणून फोन आत ठेवून हॉटस्पॉट करण्यापेक्षा छतावर अँटेना, आत राउटर आणि राउटरचं वायफाय, ही रचना कितीतरी बरी. पण अँटेना आणि राउटर यांच्यामधली केबल आखूड हवी. साध्या बारीक केबलमध्ये मोबाइलच्या वारंवारितेवर पाच मीटरमध्ये निम्म्याहून अधिक ऊर्जा मुरते. महागडा अँटेना घेऊन लांब केबल ओढली तर पैसे वाया गेले म्हणून समजा. राउटर शक्यतो छताला चिकटूनच बसवावा.

दुसरा प्रश्न वारंवारितेचा. भारतात मोबाइल सेवा ७०० मेगाहर्ट्‌झपासून ३,६०० मेगाहर्ट्‌झच्या पलीकडेपर्यंत अनेक पट्ट्यांवर चालते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लांब लहरी टेकडीच्या कडेवरून वळून थोड्या खाली उतरतात, झाडीतून पार होतात आणि दूरवर पोचतात. १,८०० आणि २,३०० मेगाहर्ट्‌झला पल्ला कमी, पण एका वेळी जास्त डेटा. ३,३०० च्या पुढची ५जी शहरात सुसाट आणि घाटात दिसेनाशी. घाटातल्या दरीत फोन ५जी सोडून ४जीवर आणि मग एका कांडीवर येतो, तो याच क्रमाने. चाळीस मीटर उंच टॉवरचा रेडिओ-क्षितिजापर्यंतचा पल्ला सपाट प्रदेशात सुमारे २६ किलोमीटर भरतो. सह्याद्रीत मध्ये एक डोंगरसोंड आली की तो दोन किलोमीटरही राहत नाही. दरीत मुक्काम असेल तर गाडी दोनशे मीटर पुढे नेऊन खिंडीच्या रेषेत लावल्याने जो फरक पडतो, तो कुठल्याही अँटेनाने पडत नाही.

याच्या उलट अनुभव गडावर येतो. कांड्या सगळ्या भरलेल्या, आणि पान मात्र उघडत नाही. उंचावरून एकाच वेळी डझनभर टॉवर दिसतात, सगळे साधारण सारख्याच जोराने बोलतात आणि फोनला आपल्या टॉवरचा आवाज त्या गलक्यातून वेगळा काढता येत नाही. कांड्या जोर दाखवतात. कामाचा असतो तो सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर. चांगल्या राउटरच्या पडद्यावर ते आकड्यात दिसतं आणि जागा निवडताना तेच बघावं.

छतावरचा गोल बुटका अँटेना चहूबाजूंनी ऐकतो, म्हणून तो वळवावा लागत नाही, पण त्याची वाढ बेताची. लांबच्या एकाच टॉवरसाठी दिशादर्शी अँटेना दांड्यावर चढवला तर सिग्नल कित्येक पटींनी वाढतो आणि बाजूचा गोंगाट गाळला जातो. अर्थात तो रोखावा लागतो, दर मुक्कामी, हाताने. छत्रीचं कोडं इथे जमिनीवर उतरून पुन्हा समोर येतं.

दोन व्यावहारिक गोष्टी. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम घेणारा राउटर असावा, कारण एकीचा टॉवर जिथे नाही तिथे अनेकदा दुसरीचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलची स्वदेशी ४जी सेवा देशभर अधिकृतपणे सुरू झाल्यापासून दुर्गम भागात तिसरा पर्यायही विचारात घेण्याजोगा झाला आहे. आणि लडाखला निघणाऱ्याने एक सिम पोस्टपेड घ्यावं. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, हे अनेकांना तिथे पोचल्यावरच कळतं. सिग्नल वाढवून देणारा रिपीटर मात्र कुणी स्वस्तात विकत असला तरी घेऊ नये. परवानगीशिवाय तो लावणं भारतात बेकायदा आहे आणि तो आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतो.

दिशा धरणारं गणित

जिथे टॉवरच नाही तिथे काय? स्थिर उपग्रहावरून इंटरनेट फार पूर्वीपासून मिळतं, पण अंतर आड येतं. विनंती वर जाते, खाली येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. हा प्रवास सुमारे १,४४,००० किलोमीटरचा. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. चित्रपट बघताना ते जाणवत नाही. मीटिंगमध्ये मात्र दोन माणसं सतत एकमेकांच्या बोलण्यात येतात.

उपाय म्हणजे उपग्रह खाली आणणं. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. मे २०१९ मध्ये पहिले ६० गेले आणि मे २०२२ मध्ये खास मोटरहोमवाल्यांसाठी वेगळी योजना निघाली. उंची कमी झाली तशी दिरंगाई दोन आकडी मिलिसेकंदांवर आली, म्हणजे मीटिंग सुरळीत. पण या उंचीवर टिकायला उपग्रहाला सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावावं लागतं. क्षितिजाजवळची पट्टी सोडली तर एक उपग्रह आपल्या आकाशातून फार तर चार-साडेचार मिनिटांत निघून जातो. मग दुसरा पकडायचा, मग तिसरा. मोटरच्या छत्रीला ही धावपळ रात्रंदिवस झेपणार नाही.

म्हणून इथली छत्री सपाट पाटी असते आणि ती हलत नाही. तिच्यात शेकडो, पहिल्या मॉडेलमध्ये तर हजाराहून अधिक, चिमुकले अँटेना ओळीने मांडलेले असतात. सगळ्यांनी एकाच क्षणी लहर सोडली तर झोत सरळ वर जातो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा सोडली तर झोत तिरका वळतो. लेझीम पथकाची रांग वळवताना एका टोकाचा गडी पुढे निघतो आणि दुसऱ्या टोकाचा पाऊल आखडतं घेतो, तसंच काहीसं. हा उशीर किती असावा? शेजारचे अँटेना सव्वा सेंटिमीटरवर असतील आणि झोत ३० अंश वळवायचा असेल, तर सुमारे २० पिकोसेकंद. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही पन्नासावा भाग. इलेक्ट्रॉनिक्स हा उशीर क्षणात बदलू शकतं, म्हणून झोत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि व्हिडिओ कॉलमधल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी धावत असतानाही हे जमतं.

रडारमध्ये हे तंत्र अनेक दशकं वापरात होतं, पण त्याची किंमत लष्करालाच परवडणारी. ते सुटीवर निघालेल्या कुटुंबाच्या छतावर आलं, हा गेल्या काही वर्षांतला मोठा बदल. त्याला हवं असतं फक्त मोकळं आकाश, आणि तेही भरपूर. स्थिर उपग्रहाला झाडीतली एक फट पुरते. इथे डोक्यावरचा रुंद घुमट रिकामा लागतो. देवराईच्या कडेला गाडी लावली तर दर काही मिनिटांनी एक उपग्रह झाडामागे जातो आणि आवाज तुटतो.

भारतात या सेवेच्या आड कायदाही येतो. परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा टर्मिनल वापरणं इथे गुन्हा आहे आणि अशा कारणासाठी परदेशी प्रवाशांना विमानतळांवर अडवलं गेलं आहे. अमेरिकेतल्या भावाने येलोस्टोनला नेलेली पाटी सुटीत इकडे आणून गाडीवर लावायचा बेत म्हणूनच नको. दूरसंचार विभागाने जून २०२५ मध्ये स्टारलिंकला परवाना दिला. त्याआधी वनवेब आणि जिओच्या उपग्रह कंपनीलाही परवाने मिळालेले होते. वनवेबचे उपग्रह जरा उंच, १,२०० किलोमीटरवर असतात आणि त्यांतले ३६-३६ चे दोन ताफे ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून सोडले. भारतात विकलेलं, भारतात नोंदवलेलं टर्मिनल असेल तरच ते गाडीवर चढवावं.

मजुरीचा हिशेब

आता विजेचं. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॉट-तास. साधी लेड-ॲसिड असेल तर तिचं आयुष्य जपण्यासाठी निम्मेच वापरावेत. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर बहुतेक सगळे वापरता येतात.

हाताने लावलेली छत्री, सेट-टॉप बॉक्स आणि १२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही यांना मिळून ४० वॉटच्या आसपास लागतात. रोज तीन तास पाहिला तर १२० वॉट-तास. चारचौघांना वाटतं की टीव्ही वीज खातो. पण दहा वॉटचा मोबाइल राउटर चोवीस तास चालू ठेवला तर २४० होतात, टीव्हीच्या दुप्पट. उपग्रह इंटरनेटची नेहमीची पाटी ७५ ते १०० वॉट घेते. ती दिवसभर चालू राहिली तर १,८०० ते २,४०० वॉट-तास, म्हणजे एक आख्खी बॅटरी पुरत नाही. २०२४ मध्ये आलेली छोटी पाटी २५ ते ४० वॉटवर भागवते, तरी चोवीस तासांचे ६०० ते ९६० होतातच. हजारभर अँटेनांना दर क्षणी नवा उशीर मोजून देणं फुकट होत नाही.

२०० वॉटचं सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ८०० ते १,००० वॉट-तास देतं. राजस्थानात जानेवारीत हे गणित जमतं. जुलैत मालवणला जमत नाही, आणि तेव्हाच पावसामुळे छत्रीचंही चित्र तुटत असतं. यातून निघणारे नियम साधे आहेत. राउटर आणि पाटी झोपताना बंद करावी. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्टवर टीव्ही चालवला तर दहा-पंधरा टक्के वीज रूपांतरात जाते, म्हणून थेट १२ व्होल्टचा टीव्ही घ्यावा. चार्ज होताना गाडीची बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते, तेव्हा हा चढउतार सोसणाराच टीव्ही निवडावा. आणि चित्रपट बघायचेच असतील तर शहरातून निघण्यापूर्वी उतरवून घ्यावेत. एचडी दर्जाचा एक तास सुमारे ३ जीबी खातो. तो घाटातल्या एका कांडीवर घेण्याऐवजी घरच्या वायफायवर घेतला तर डेटाबरोबर बॅटरीही वाचते.

मग घ्यावं काय? चार दिवसांच्या कोकण-गोवा सहलीसाठी दोन सिमचा राउटर आणि छतावरचा बुटका अँटेना पुरतो. टीव्हीची हौस असेल तर तिकाटणं आणि ६० सेंटिमीटरची छत्री. महिनाभराच्या भारतभ्रमणाला यात दिशादर्शी अँटेना आणि पोस्टपेड सिमची भर घालावी. स्वतः नेम धरणारी मोटरची छत्री युरोपात रोज मुक्काम बदलणाऱ्या आणि गुडघे दुखणाऱ्या प्रवाशाला सुख देते. भारतात फ्री डिशच्या फुकट वाहिन्यांसाठी ती चैन आहे. उपग्रह इंटरनेटचा खर्च आणि वीज, दोन्ही त्यालाच परवडतात ज्याची नोकरी गाडीतून चालते आणि जो टॉवरच्या पलीकडे मुक्काम करतो.

पुढे आणखी एक मार्ग खुला होऊ शकतो. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांच्या पुढाकाराने भारतात थेट मोबाइलवर प्रक्षेपणाच्या चाचण्या झाल्या आहेत. टीव्हीच्या जुन्या ४७० ते ५८२ मेगाहर्ट्‌झच्या पट्टीत मनोऱ्यावरून सिग्नल सोडायचा आणि तो फोनने थेट पकडायचा, सिम नको, डेटा नको. या लहरी अर्ध्या मीटरहून लांब असतात, पावसाला फारशा दाद देत नाहीत आणि त्यांना छत्रीही लागत नाही. ही सेवा प्रत्यक्षात आली तर मोटरहोममधल्या टीव्हीपुरती दिशा शोधायची गरज संपेल आणि ती वीज इंटरनेटसाठी राखता येईल. तोपर्यंत मुक्कामी पोचल्यावर हँडब्रेक ओढण्याआधी आग्नेयेला झाड नाही ना, एवढं बघून गाडी लावावी. त्याला एक वॉटही लागत नाही.